वळणाची सवलत

पद्मजा मगदूमनं तोंड उघडलं नसतं, तर तिचा फायदाच होता. काय काय वाचलं असतं ते आधी मांडून घेऊ, कारण नंतर पुष्कळांनी 'बाईला व्यवहार कळत नाही' असा निकाल दिला आणि तो निकाल साफ चुकीचा होता. व्यवहार तिला कळत होता. सांगलीच्या एका हळद-निर्यात कंपनीची अर्धी खरेदी ती एकटी बघायची. वसमत, निजामाबाद, इरोड, सगळ्या बाजारांतले दलाल तिच्याशी भाव बोलताना पाणी पिऊन यायचे.

गप्प राहिली असती, तर खरेदीप्रमुखाची खुर्ची दिवाळीनंतर तिचीच होती. नवरा होता, श्रेणिक, जो लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिला स्टेशनवर न्यायला यायचा आणि वर 'माझं काम होतंच इकडं' असं खोटं सांगायचा. सासूबाई होत्या. त्यांनी सुनेचं कौतुक आजवर एकदाच केलं होतं, तेही शेजारणीजवळ, सून आंघोळीला गेलीय असं समजून: "पोरगी चांगल्या वळणाची आहे." आणि झोप होती. तीन वर्षांपासून तिला रात्रीची सलग झोप लागत होती, जिची किंमत ज्याची गेलीय त्यालाच विचारावी.

तोंड उघडण्यात मिळणार होतं ते एकच. एक माणूस सुटणार होता, तो कदाचित सुटला नसता.

आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. सगळी अडचण तिथं होती.

*

माणसाचं नाव प्राध्यापक प्रभाकर गुळवणी. कृष्णाकाठच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे आणि वक्तृत्वाची मुलं तयार करायचे. जीभ आडनावाला जागणारी. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा पुढं वकील झाला, मुलगी निवेदिका झाली, एकजण आमदार झाला आणि सरांच्या पाया पडतानाचा फोटो त्यानं दिवाणखान्यात लावला. त्याच हाताखालून काही मुली अशाही गेल्या, ज्या पुढं कधी स्टेजवर दिसल्या नाहीत. त्यांची चौकशी कुणी केली नाही. पोरी लग्न होऊन जातात, बोलायच्या बंद होतात. गावाला त्यात नवल वाटत नाही.

पद्मजा त्यांतली एक. वीस वर्षांची होती, बी.कॉम.ला होती आणि बोलायला उभी राहिली की परीक्षक घंटा वाजवायला विसरायचे. राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तालमीच्या खोलीत जे झालं, त्यानंतर ती स्पर्धेला गेली नाही. घशाला सूज आहे म्हणून तिनं घरी सांगितलं. ते घरच्यांना पटलं. न पटून चालणार नव्हतं.

पुढचं मात्र तिला स्वतःलाच पटत नव्हतं. ज्या गोष्टीनं तिला मोडलं, त्याच गोष्टीकडं ती जायला लागली. इरोडच्या लॉजवर, निजामाबादच्या लॉजवर, एखादा अनोळखी प्रवासी, एखादा यंत्र दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर. प्रेम नाही, ओढ नाही, त्यांची नावंही नाहीत. दिवसा सौद्यात एखाद्यानं मागून खांद्यावर हात ठेवला, की रात्री ती कुणाला तरी शोधायचीच. नको नको म्हणत शोधायची. सांगलीला परत येताना शपथ घ्यायची, पुढच्या खेपेला मोडायची. लग्नाआधीही आणि लग्नानंतरही.

पुरुषाला असं काही असलं तर आपल्याकडं म्हणतात, त्याला नाद आहे. बाईला असलं तर म्हणतात, तिला वळण नाही. दुखणं एक, भाषेनं खाती दोन उघडली आहेत.

*

मिरजेच्या डॉ. हुमेरा मुजावर मेंदूच्या डॉक्टर. वय पन्नाशीचं, बोलणं फटकळ, रुग्णाला बिस्किटं खायला घालायची सवय. तिनं हे दुखणं यंत्रावर दाखवलं, म्हणून तिचं नाव जगभर झालं. मिरजेत ते आधीच होतं, पण 'मुजावरांची लग्न न केलेली पोरगी' म्हणून.

तिचं म्हणणं समजायला अवघड नाही. मेंदूत एक भाग धोक्याची घंटा वाजवतो. दुसरा भाग सुखाची चटक लावतो. एरवी दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पण एखाद्याच्या शरीरावर जबरदस्ती झाली, तर घंटा कधीकधी वाजायची थांबतच नाही. बारीक आवाजात वर्षानुवर्षं वाजत राहते. आणि मग काहींच्या मेंदूला योगायोगानं शोध लागतो की शरीरसंबंधाच्या त्या थोड्या वेळात घंटा गप्प होते. झालं. त्या माणसाला सुख हवं असतं असं नाही. त्याला घंटा बंद करायची कळ हवी असते. कळ दाबली की शांतता, शांततेनंतर लाज, लाज हाच नवा धोका, की पुन्हा घंटा. गोल फिरून रस्ता त्याच जागी. हुमेरानं रुग्णांसाठी मराठीत पुस्तिका लिहिली, तेव्हा या फिरत्या रस्त्याला तिनं नाव दिलं 'वळण'.

"सगळ्यांना होत नाही," ती प्रत्येक रुग्णाला सांगायची. "ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांतल्या बहुतेकांना हे होत नाही. ज्यांना होतं, ते बहुतेक स्वतःचंच नुकसान करतात. तेव्हा स्वतःला राक्षस समजू नका, आणि बिस्किट घ्या."

उपचार दुसऱ्या एका जुन्या शोधावर उभा होता. आठवण जागी केली की ती काही तास मऊ असते, ओल्या मातीसारखी, आणि मग पुन्हा घट्ट होते. ती मऊ असताना डोक्यावर चुंबकीय झटके देणारं शिरस्त्राण चढवायचं आणि घंटा व चटक यांच्यामधली गाठ सैल करायची. आठवण पुसली जात नाही, फक्त तिला लटकलेली कळ निघते. त्या शिरस्त्राणाला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं. मिरजेत सगळे त्याला 'फेटा' म्हणायचे. "आज तुमचा सत्कार आहे," असं म्हणत नर्स तो बांधायची. रुग्ण आठवण सांगत असताना त्याचा आवाज आणि मेंदूतल्या रेघा, दोन्हींची नोंद फेटाच घ्यायचा.

पद्मजानं गुपचूप सोळा वेळा फेटा बांधून घेतला. घरी सांगितलं, मिरजेला फिजिओथेरपीला जाते, मान धरलीय. सोळाव्या खेपेनंतर इरोडला गेली, सौद्यात कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला, तिनं वळून त्याला ठेवणीतली शिवी दिली, आणि रात्री जेवून झोपली. सकाळी उठल्यावर तिला कळलं की आपण झोपलो होतो. ती लॉजच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

हुमेराच्या गाजलेल्या शोधनिबंधात ती होती 'रुग्ण क्रमांक ७'. तिच्या मेंदूच्या नोंदीची तीन मिनिटं छापली होती: आधी घंटेची रेघ वर चढते, मागोमाग चटकेची. तीन मिनिटं, नाव नाही, गाव नाही.

*

शोध लागला की त्याचा मालक बदलतो. पुस्तिकेतलं 'वळण' गावात आलं आणि वधू-वर मंडळांनी मुलींच्या माहितीत नवा रकाना घातला: वळण-तपासणी झाली आहे का. मुलांच्या माहितीत घातला नाही. मग वकील आले. कायद्यात एक कलम आलं, चांगल्या हेतूनं आलं: लैंगिक गुन्ह्यातल्या आरोपीच्या मेंदूत वळण सिद्ध झालं, तर तुरुंगाऐवजी उपचारकेंद्र. लोक त्याला 'वळणाची सवलत' म्हणू लागले.

गुळवणी सरांच्या विरुद्ध बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या तीन मुलींनी फिर्याद दिली, तेव्हा सरांनी नाकारलं नाही. हेच लोकांना फार भावलं. सर म्हणाले, माझ्यावर लहानपणी वसतिगृहात अत्याचार झाले. मी आयुष्यभर आजारी आहे. मला बरं व्हायचं आहे. फेटा बांधला, तालमीच्या खोलीतल्या आठवणींची नोंद काढली, वळण निघालं. खरोखर निघालं. वकील किणीकरांनी सवलतीचा अर्ज केला आणि सोबत आधार म्हणून जोडला रुग्ण क्रमांक ७.

"तुझी तीन मिनिटं आणि त्याची तीन मिनिटं," हुमेरा म्हणाली, "एकावर एक ठेवली तर एकच रेघ दिसते. किणीकर हेच दाखवणार. बघा, सातवा रुग्ण कुणी गुन्हेगार नाही, बरा होऊन संसार करतोय. मग आमच्या सरांनाच तुरुंग का."

पद्मजा तिच्या दवाखान्यात बसली होती. बिस्किटाला हात लावला नव्हता.

"त्याच्यावर खरंच झालं होतं?"

"झालं होतं. मेंदू बघून मला कळतं. लहान होता बिचारा." हुमेरानं चष्मा काढला. "लहान होता तेव्हा बिचारा. पुढचं मी म्हणत नाही."

"म्हणजे तो आणि मी सारखेच."

"तीन मिनिटांपुरते."

"आणि उरलेली?"

"त्यासाठीच तुला बोलावलं. त्याची पूर्ण नोंद वीस मिनिटांची आहे. त्यांनी त्यातली सोयीची तीन दिली. कायदा असा आहे, की ज्या रुग्णाचा आधार घेतला त्यानं स्वतः हजर राहून आपली पूर्ण नोंद उघडली, तर आरोपीलाही पूर्ण उघडावी लागते. नाहीतर तीनावरच निकाल."

"माझी पूर्ण नोंद म्हणजे..."

"तुझ्या आवाजासकट. इरोड, निजामाबाद, सगळं. फेटा बांधून तू जे जे सांगितलंस ते."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. पद्मजानं ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर तो सहा महिने कुठल्यातरी डोंगरावर सूर्यनमस्कार घालून परत येईल, आणि जूनमध्ये नवीन बॅच घेईल. आणि मी तुझ्यावर रागावणार नाही."

"खरं?"

"थोडी रागावेन. पण बिस्किटं चालू ठेवीन."

*

श्रेणिकला तिनं रविवारी सकाळी सांगितलं, तो गच्चीवर सौरपाट्या पुसत असताना. आधी सरांचं सांगितलं. त्याच्या हातातलं फडकं थांबलं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिनं दुसरंही सांगितलं, कारण मध्ये सहानुभूतीला जागा दिली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

बराच वेळ तो एकाच पाटीवरची एकच जागा पुसत राहिला.

"किती?" त्यानं विचारलं.

"आकडा सांगणार नाही. सांगितला तर तू आयुष्यभर त्याला कशाकशानं भागत बसशील."

"मला कळायला नको?"

"काय झालं ते कळायला हवं, ते सांगितलं. तीन वर्षांत काही नाही, तेही सांगितलं. तपासण्या केल्यात, सगळ्या स्वच्छ आहेत. आकडा तुझ्या काही कामाचा नाही, श्रेणिक."

"मी स्टेशनवर यायचो."

"हो."

"मूर्खासारखा."

"नाही. तू आलेला दिसलास की मला घरी यावंसं वाटायचं."

तो खाली बसला. मग व्यवहाराचं बोलायला लागला, दुखलं की तो नेहमी व्यवहाराचं बोलायचा. "हे बघ, सरांचं सांग ना कोर्टात. मी येतो सोबत. त्यानं तुझ्यावर काय केलं ते सांग. बाकीचं कशाला? लॉजचं कशाला?"

"कारण त्यानं काय केलं यावर वादच नाही. तो कबूल करतोय. म्हणतोय, मी आजारी होतो. आजारी होता की नाही, आणि आजारानं काय काय होतं, हे मी सोडून तिथं कोण सांगणार? मला तोच आजार होता."

"लोक म्हणतील..."

"लोक म्हणतीलच. तुला काय म्हणायचंय?"

श्रेणिकनं फडकं खांद्यावर टाकलं. खाली आल्यावर त्यानं आपली उशी दुसऱ्या खोलीत नेली. सासूबाईंनी ती नेताना पाहिली आणि विचारलं, "भांडलात का?" पद्मजा म्हणाली, "नाही, आत्याबाई. बोललो."

"मग बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, हे भांडणापेक्षा बरं असतं.

*

सुनावणी बंद दारामागं झाली. सांगलीत बंद दारामागचं आधी कळतं, हा भाग वेगळा.

न्यायाधीश श्रीमती तांबोळी. सरकारी वकील वाघमोडे. समोर किणीकर, आणि त्यांच्या शेजारी गुळवणी सर, खादीचा सदरा, केस पांढरे आणि दाट. तीन मुली कडेच्या बाकावर. त्यांतली धाकटी नखं खात होती. पद्मजा आत आली तेव्हा सर उठून उभे राहिले, स्त्री आत येताच पुरुषानं उठावं या रीतीनं.

"पद्मजा," ते म्हणाले. "तू सातवी असशील असं वाटलं नव्हतं. बाळ, तूही सोसलंस."

तिनं मान हलवली आणि जागेवर बसली.

आधी सरांचा जबाब वाचून दाखवला गेला. मराठी त्यांचंच होतं, सुंदर: 'एकांत आला की माझा माझ्यावरचा ताबा सुटत असे. पुढचं मला धुक्यातल्यासारखं आठवतं. दाराला कडी लागलेली असे, समोर मुलगी असे, आणि मी स्वतःला दुरून पाहत असे. लहानपणी मला जे वळण लागलं, ते मी मागितलं नव्हतं.' लघुलेखकसुद्धा क्षणभर थांबला.

मग पडद्यावर रेघा आल्या. आधी पद्मजाची पूर्ण नोंद, तिच्याच आवाजात. खोलीत तिचा आवाज ऐकू येत होता, इरोडच्या लॉजचा जिना चढणारा, आणि ती स्वतः समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसली होती. प्रत्येक वेळी आधी घंटेची रेघ चढायची. मग चटकेची. कपाळामागचा भाग, जो बेत आखतो, वेळ बघतो, तो सबंध वेळ जवळजवळ अंधारात. पुन्हा पुन्हा तेच.

मग सरांची वीस मिनिटं. शेवटच्या तीनांत तंतोतंत तशीच रेघ. पण आधीच्या सतरांत, सर मुलीला शेवटच्या फेरीसाठी थांबवून घेतात, बाकीच्यांना घरी पाठवतात, तेव्हा घंटेची रेघ सपाट होती. झोपलेल्या माणसासारखी सपाट. आणि कपाळामागचा भाग दिवाळीसारखा उजळला होता.

"आठवण म्हणजे घटना नव्हे," किणीकर हुमेराला म्हणाले. "हे आपण मान्य कराल, डॉक्टर?"

"करते. पण तुमची तीन मिनिटंही आठवणच होती. तीन मिनिटांची आठवण खरी आणि वीसांची खोटी, असं सांगणारं यंत्र मला अजून बनवता आलेलं नाही. तुम्हाला कुठं दिसलं तर सांगा, मी विकत घेईन."

न्यायाधीशांनी तिला समज दिली. तिनं ती घेतली.

मग किणीकर पद्मजाकडं वळले. आवाज मऊ केला. "बाई, आपल्याबद्दल आम्हाला सहानुभूतीच आहे. आपण विवाहित असताना परगावी अनोळखी पुरुषांसोबत..."

"हो."

"मला प्रश्न पूर्ण करू द्या."

"करा. उत्तर तेच आहे."

"किती पुरुष?"

"मोजले नाहीत. ज्यांना मोजायची हौस आहे त्यांनी नोंद ऐकली आहेच."

"तेव्हा आपला आपल्यावर ताबा नव्हता?"

"नव्हता."

"तर मग त्याच आजारात सरांचा ताबा होता, असं आपण कशाच्या जोरावर म्हणता?"

पद्मजा उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण बोलायचं झालं की तिची पाठ अजूनही सरळ व्हायची.

"मला ज्याचा नाद लागला तो मी मागितला नव्हता, वकीलसाहेब. सरांनीही मागितला नसेल. तो लागतो. ताप लागतो तसा, ठेच लागते तशी. त्याबद्दल मला सरांचा राग नाही. पण आत्ता वाचलेल्या जबाबात एक वाक्य आहे. 'दाराला कडी लागलेली असे.' सर आम्हाला शिकवायचे, की माणूस वाक्यात कुठं लपला असेल तर क्रियापदात शोधा. मी शोधलं."

सरांनी मान वर केली.

"त्या कॉलेजात आता सगळी दारं आपोआप लागतात. चेहरा दाखवला की उघडतात, आतून कुणालाही ढकलता येतात. एकाच खोलीचं जुनं दार ठेवलंय, तालमीच्या. सरांनी अर्ज करून ठेवलं, नव्या दाराचा आवाज मुलांना खुपतो म्हणून. त्या दाराला वर लोखंडी कडी आहे, जड आहे, गंज चढलाय. वीस वर्षांपूर्वीही जड होती. ती लागत नाही. टाचा उंचवून, दोन्ही हातांनी वर सरकवावी लागते. नाद लागतो, सर. वळण लागतं. कडी लावावी लागते."

लघुलेखकानं मान वर करून सरांकडं पाहिलं.

"माझ्या खोलीत आलेल्यांपैकी दोघं नको म्हणाले," ती पुढं म्हणाली. "एक चहा पिऊन गेला, एक न पिताच गेला. त्या रात्री माझं डोकं फुटायची वेळ आली होती. पण दार उघडं होतं. आजार मला दार उघडायला लावायचा, बंद करायला नाही. डॉक्टरांच्या पडद्यावर जे दिसलं ते एवढंच आहे."

किणीकरांनी कागद उलटले. त्यांना हवा असलेला कागद तिथं नव्हता.

"पद्मजा," सर हळूच म्हणाले, परवानगी न घेता. "उच्चार अजून किती स्वच्छ आहेत तुझे."

"होय, सर. वीस वर्षं वापरले नव्हते," ती म्हणाली. मग न्यायाधीशांकडं वळली. "यांना फेटा द्या, मॅडम. खरंच द्या. त्यानं मला बरं वाटलं, यांनाही वाटू दे. यांच्यावर जे झालं तेही खोटं नाही. पण तो तुरुंगात बांधा. उपचार हा त्यांचा हक्क आहे. सुटका नाही."

कडेच्या बाकावरच्या धाकटीनं नखं खायची थांबवली होती.

*

सवलतीचा अर्ज फेटाळला गेला. पुढं खटला रीतसर चालला आणि शिक्षा झाली. आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते.

सरांनी वर्षं भरली. तुरुंगात त्यांचे उपचार चालू आहेत; हुमेराची नर्स महिन्यातून एकदा तिकडं जाते आणि 'आज तुमचा सत्कार आहे' हे वाक्य तेवढं तिथं म्हणत नाही.

हुमेरानं रुग्ण भरले. नोंद कोर्टात उघडते म्हटल्यावर निम्मे यायचे बंद झाले. तिनं दारावर पाटी लावली, की रुग्णानं स्वतः म्हटल्याशिवाय इथलं काही उघडत नाही, आणि वधू-वर मंडळांना आत प्रवेश नाही. त्यातले थोडे परत आले. तिनं पुस्तिकेतून 'वळण' हा शब्दही काढून टाकला. गावानं नाही काढला.

तीन मुलींपैकी एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. एकीनं शहर सोडलं. धाकटी सध्या पद्मजाकडं हळदीचा व्यापार शिकते आणि भावात तिच्याशीच हुज्जत घालते.

कंपनीनं पद्मजाला काढलं नाही. फक्त इरोडला दुसऱ्याला पाठवायला लागली, तिच्याच काळजीपोटी. तिनं राजीनामा टाकला आणि स्वतःची पेढी काढली. दलाल तिच्या मागं काय बोलतात ते तिला माहीत आहे. समोर मात्र अजूनही पाणी पिऊन येतात.

श्रेणिक पावसाळाभर कुपवाडला भावाकडं राहिला. मग आला. आकडा त्यानं पुन्हा विचारला नाही, पण कधीकधी जेवताना मध्येच गप्प होतो, आणि ती त्याला गप्प होऊ देते. त्याचा भरणा अजून चालू आहे. सासूबाईंनी वर्षभर सुनेशी अक्षर काढलं नाही. परवा देवळात एका बाईनं काही टोचून विचारलं, तेव्हा म्हणाल्या म्हणे, "आमच्या घरचं आम्ही बघू, तू तुझ्या घरच्या पुरुषांचं बघ." सुनेपुढं मात्र अजून अबोलाच.

पद्मजानं नाव भरलं. खुर्ची भरली. पहिल्या वर्षी झोपही भरली. ती आता थोडी थोडी परत येते आहे. 'पश्चात्ताप होतो का' असं तिला एका वार्ताहरानं विचारलं. तिनं त्याला आजचा हळदीचा भाव सांगितला.

उरलं गाव. त्यानं तीस वर्षं सरांच्या भाषणांना टाळ्या वाजवल्या, शिक्षा झाल्यावर 'आम्हाला आधीपासून संशय होता' असं म्हटलं, पद्मजाचं नाव तोंडी लावून चार दिवस चवीनं जेवण केलं आणि हात धुतले. आमदारांच्या दिवाणखान्यातला फोटो उतरला. त्या जागी निसर्गचित्र आलं. गावाला यातलं काहीही भरावं लागलं नाही.

गुळवणी सर सुटले नाहीत. सुटलं ते गाव.